सत्तेला हास्यास्पद करणारा नट : उत्पल दत्त

मिशी नसलेल्या पुरुषावर विश्वास न ठेवणारे, तरुणाने खेळाचे नाव काढले तरी संतापणारे आणि भाबडेपणामुळे पुन्हापुन्हा फसणारे भवानीशंकर हिंदी चित्रपटांच्या प्रेक्षकाला १९७९पासून परिचित आहेत. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'गोलमाल'मधील ही भूमिका साकारणारे उत्पल दत्त देशभर विनोदी नट म्हणून ओळखले गेले. मात्र याच नटाला त्याच्या चौदा वर्षे आधी एका नाटकाच्या पायी खटल्याविना कित्येक महिने तुरुंगात काढावे लागले होते, हे बंगालबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. ते नाटक कोलकात्यात बंगालीत होत असे, पण त्याची कथा मुंबईच्या बंदरातील होती.

उत्पल दत्त यांचा जन्म २९ मार्च १९२९चा. वडील गिरिजारंजन दत्त तुरुंग खात्यात अधिकारी होते. सरकारी नोकराच्या घरातील शिस्त, इंग्रजी माध्यमाचे शिक्षण आणि भरपूर वाचन यांत मुलाचे बालपण गेले. शिलाँगच्या सेंट एडमंड्स शाळेनंतर तो कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये आला आणि १९४९मध्ये इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झाला. त्या वयातील त्याचे वेड एकच होते, ते म्हणजे शेक्सपिअर. १९४७मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने मित्रांना जमवून 'द शेक्सपिअरियन्स' नावाची मंडळी काढली आणि 'रिचर्ड तिसरा'मध्ये स्वतः रिचर्ड उभा केला. देश स्वतंत्र होत असताना कोलकात्यातील काही तरुणांनी इंग्रजी नाटक इंग्रजीतच करावे, यात विसंगती होती. ती पुढे दत्त यांनाच सर्वाधिक बोचली.

त्याच सुमारास जेफ्री केंडल आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांची फिरती इंग्रजी नाटक कंपनी भारतात होती. शहरोशहरी, शाळा-महाविद्यालयांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत शेक्सपिअरचे प्रयोग करीत ही मंडळी हिंडत. त्यांनी दत्त यांना आपल्या कंपनीत घेतले. त्यांच्याबरोबर दत्त यांनी भारत आणि पाकिस्तानचे दोन मोठे दौरे केले, एक चाळीसच्या दशकाच्या अखेरीस आणि दुसरा १९५३-५४मध्ये. सामान उचलण्यापासून मोठ्या भूमिकेपर्यंत पडेल ते काम, वेळेची सक्ती, आवाजाची मशागत आणि अवघे भाषण कानाने तोलण्याची सवय ही सारी शिदोरी त्यांना तेथे मिळाली. पक्क्या मार्क्सवादी दत्त यांनी आपला गुरू म्हणून नेहमी या इंग्रज नटाचेच नाव घेतले. पुढे केंडल कुटुंबाच्या याच भटकंतीवर आधारलेला 'शेक्सपिअर वाला' हा चित्रपट १९६५मध्ये आला, तेव्हा त्यात एका महाराजाची भूमिका दत्त यांनी केली.

१९४९मध्ये त्यांच्या मंडळीचे नाव 'लिटल थिएटर ग्रुप' झाले. इब्सेन, शॉ, शेक्सपिअर यांची नाटके चालू होती. टाळ्या मिळत, पण त्या मोजक्या इंग्रजी जाणणाऱ्यांच्या. कारखान्यांच्या आणि गोद्यांच्या शहरात राहून आपण कोणासाठी नाटक करतो, हा प्रश्न दत्त यांना छळू लागला. काही काळ ते 'इप्टा' म्हणजे भारतीय जननाट्य संघात गेले, रस्त्याच्या कोपऱ्यावर पथनाट्ये केली, तेथील मतभेदांमुळे थोड्याच दिवसांत बाहेरही पडले. परंतु बंगालीकडे वळलेली पावले परत फिरली नाहीत. ग्रुपने मॅकबेथ बंगालीत केले आणि खेड्यांतही नेले. मधल्या काळात पोटापाण्यासाठी दत्त यांनी कोलकात्याच्या साउथ पॉइंट शाळेत इंग्रजी शिकवले. १९५०मध्ये मधु बोस यांच्या चित्रपटात ते कवी मायकेल मधुसूदन दत्त झाले आणि पडद्याशी त्यांचा संबंध जुळला. तरी पुढील वीस वर्षे त्यांचे खरे घर रंगमंच हेच होते.

१९५९मध्ये ग्रुपने उत्तर कोलकात्यातील जुने मिनर्व्हा थिएटर भाड्याने घेतले. हौशी मंडळीने आठवड्याला नेमाने प्रयोग लावून व्यावसायिक नाट्यगृह चालवायचे, हे धाडसच होते. सुरुवातीला प्रेक्षक फिरकेना, कर्ज वाढू लागले. त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या 'अंगार'ने चित्र पालटले. कोळसा खाणीतील मजुरांचे हे नाटक. मालकांना खाण वाचवायची आहे आणि त्यासाठी आत अडकलेल्या माणसांसह ती पाण्याने भरून टाकायची आहे. रविशंकर यांचे संगीत आणि तापस सेन यांची प्रकाशयोजना. शेवटच्या प्रवेशात निव्वळ दिव्यांच्या खेळातून पाणी चढत जाई आणि खाणकामगार बुडत. हे दृश्य पाहण्यासाठी कोलकाता लोटले. काही समीक्षकांनी नाटकापेक्षा दिवेच जास्त बोलतात, अशी टीका केली. ती सर्वस्वी खोटी नव्हती. दत्त यांना भव्यतेचे आकर्षण होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. चाळीत राहणाऱ्या माणसाला चार आणे देऊनही राजवाड्याइतका थाट पाहण्याचा हक्क आहे, असा त्यांचा पक्ष होता.

१९६०मध्ये त्यांनी शोभा सेन यांच्याशी विवाह केला. १९४४च्या 'नवान्न'पासून बंगालच्या नव्या रंगभूमीवर वावरलेल्या या अभिनेत्रीने दत्त यांच्या बहुतेक नाटकांत कामे केली आणि मंडळीचा हिशेब, दौरे, रुसवेफुगवे हे सगळेही सांभाळले. दत्त यांच्या कारकिर्दीचा विचार शोभा सेन यांना वगळून होऊ शकत नाही.

मार्च १९६५मध्ये मिनर्व्हात 'कल्लोल' सुरू झाले. त्याचा विषय १९४६च्या फेब्रुवारीतील नाविकांचा उठाव. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अरेरावी यांविरुद्ध खलाशांनी काम थांबवले. दोन-तीन दिवसांत ही आग इतर तळांवर आणि जहाजांवर पसरली, जहाजांवरील ब्रिटिश निशाण उतरवले गेले. गिरणगावातील कामगार संप करून रस्त्यावर आले, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. राष्ट्रीय पुढाऱ्यांनी शरणागतीचा सल्ला दिला आणि २३ फेब्रुवारीला उठाव संपला. परळ-लालबागच्या जुन्या पिढीला ठाऊक असलेला हा इतिहास पाठ्यपुस्तकांत मात्र चार ओळींत आटोपत असे.

दत्त यांनी त्यातून 'खैबर' नावाची एक युद्धनौका आणि शार्दूलसिंग हा तोफची घडवला. मिनर्व्हाच्या त्या लहान रंगमंचावर तोफांसह जहाज उभे राहिले, हेमांग विश्वास यांनी संगीत दिले. प्रत्यक्षात जहाजांनी शरणागती पत्करली होती. दत्त यांचे 'खैबर' मात्र शरण जात नाही. इतिहासाशी घेतलेल्या या स्वातंत्र्यावर आणि त्याहूनही अधिक राष्ट्रीय पुढाऱ्यांच्या चित्रणावर वादळ उठले. बंगालमध्ये तेव्हा काँग्रेसचे सरकार होते. बहुतेक वृत्तपत्रांनी नाटकाच्या जाहिराती घेणे बंद केले. यावर तापस सेन यांनी तोड काढली. नाटक चालू आहे आणि चालूच राहील, एवढाच मजकूर असलेली भित्तिपत्रके शहरभर लागली आणि जाहिरात नसलेल्या नाटकाला त्यानंतर जागा मिळेनाशी झाली.

सप्टेंबर १९६५मध्ये भारत-पाकिस्तान युद्धाच्या वातावरणात दत्त यांना स्थानबद्ध करण्यात आले. आरोपपत्र नाही, खटला नाही. लेखक-दिग्दर्शक आत असताना ग्रुपने प्रयोग थांबवले नाहीत. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते सुटले, तेव्हा कोलकात्याच्या मैदानावर या नाटकाचा विजयोत्सव झाला. एका नाट्यप्रयोगासाठी जमलेली ती गर्दी राजकीय सभेला शोभणारी होती. १९६७च्या निवडणुकीत राज्यातील काँग्रेस सरकार पडले. त्याचे श्रेय एका नाटकाला देणे अर्थातच अतिशयोक्तीचे ठरेल. अन्नटंचाई आणि महागाई यांनी लोक आधीच पेटले होते. पण त्या असंतोषाला रंगमंचावर आवाज मिळाला होता, एवढे खरे.

यापुढचा अध्याय त्यांच्या चरित्रात सर्वांत अडचणीचा आहे. नक्षलबारीच्या उठावाने भारावून दत्त त्या भागात गेले आणि १९६७मध्ये 'तीर' हे नाटक घेऊन आले. ज्या डाव्या पक्षांनी त्यांच्यासाठी मैदान भरवले होते, तेच आता या नाटकाचे विरोधक झाले. वर्षअखेरीस 'द गुरू' या इंग्रजी चित्रपटाच्या कामासाठी ते मुंबईत असताना पोलिसांनी त्यांना पकडले. काही अटी लेखी मान्य केल्यावर त्यांची सुटका झाली आणि चित्रपट पुरा झाला. नव्या क्रांतिकारक मित्रांनी यास माघार म्हटले, जुने सहकारी आधीच दुरावले होते. ग्रुपमध्ये फूट पडली, मिनर्व्हा हातचे गेले. शार्दूलसिंगला शरण न जाऊ देणाऱ्या लेखकावर स्वतः कागदावर सही करण्याची वेळ आली. पुढे या काळाबद्दल लिहिताना दत्त यांनी नक्षलवादी राजकारणाच्या चुका परखडपणे दाखवल्या. ते पुन्हा मार्क्सवादी पक्षाच्या जवळ आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. स्टॅलिनवरील त्यांची निष्ठा मात्र सोव्हिएत संघ कोसळत असतानाही ढळली नाही. इतरांची ढोंगे इतक्या नेमकेपणाने टिपणाऱ्या माणसाची ही आंधळी बाजू होती.

मंडळी मोडलेली, डोक्यावर कर्ज, अशा स्थितीत १९६९मध्ये मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' आला. बनफूल यांच्या कथेवरचा हा कृष्णधवल चित्रपट थोडक्या सरकारी कर्जात सौराष्ट्रात चित्रित झाला होता. भुवन शोम हा रेल्वेतील करडा, विधुर अधिकारी. पोटच्या मुलालाही नोकरीवरून काढणारा. तो पक्ष्यांच्या शिकारीला जातो आणि गौरी नावाच्या एका खेडवळ मुलीच्या सहवासात त्याच्या कडकपणाचे कवच तडकते. गौरी झालेल्या सुहासिनी मुळे यांचा हा पहिलाच चित्रपट. तिचा भावी नवरा हाच शोमसाहेबांनी पकडलेला लाचखोर तिकीट तपासनीस निघतो. साहेब त्याला बडतर्फ करण्याऐवजी मोठ्या जंक्शनवर बदली देतात, जेथे वरकमाई अधिक. कचेरीत एकटे असताना हेच साहेब अचानक पोरासारखे नाचू-बागडू लागतात, ते दृश्य पाहिलेला प्रेक्षक विसरत नाही. अधिकाराच्या पोशाखात कोंडलेला माणूस किती हास्यास्पद आणि किती केविलवाणा असतो, हे दत्त यांनी येथे दाखवले. या भूमिकेने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. त्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या गोवामुक्तीवरील 'सात हिंदुस्तानी'मध्ये, म्हणजे अमिताभ बच्चन यांच्या पहिल्या चित्रपटात, तेही एक हिंदुस्तानी होते.

येथून हिंदी चित्रपटांचा ओघ सुरू झाला. 'गुड्डी', 'अमानुष', 'द ग्रेट गॅम्बलर', 'बरसात की एक रात' आणि कितीतरी. कधी प्राध्यापक, कधी सावकार, कधी तस्कर. यांतील काही भूमिका त्यांच्या तोलाच्या नव्हत्याच. त्यांनाही त्याची कल्पना होती. मुंबईची मिळकत कोलकात्यातील नाटकासाठी लागते, असे ते कोणताही संकोच न करता सांगत. हा व्यवहार त्यांच्या टीकाकारांना खटकत असे. चित्रपटाच्या पैशावर क्रांतीचे नाटक करणे म्हणजे दुटप्पीपणा, असे म्हटले गेले. पण ज्या नाटकाला सरकार, जाहिरात वा धनिक यांचा आधार नाही, त्याने दिव्यांचे भाडे कोठून द्यायचे, याचे उत्तर टीकाकारांपाशीही नव्हते.

हाच प्रश्न त्यांच्या सर्वश्रेष्ठ नाटकाचा गाभा झाला. 'पीपल्स लिटल थिएटर' या नव्या मंडळीने ऑगस्ट १९७१मध्ये 'टिनेर तलोयार', म्हणजे पत्र्याची तलवार, रंगमंचावर आणले. बंगालच्या सार्वजनिक रंगभूमीला शंभर वर्षे होत होती, त्या निमित्ताने लिहिलेले हे नाटक १८७६च्या कोलकात्यात घडते. त्याच वर्षी ब्रिटिशांनी नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा केला. पुढे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ला जे भोगावे लागले, त्याची पाळेमुळे अशाच भीतीत होती. नाटकातील बेणीमाधव हा कंपनीचा शिक्षक आणि प्रमुख नट. प्रारंभीच त्याची गाठ गटारात उतरलेल्या सफाई कामगाराशी पडते आणि हा माणूस त्याला सांगून टाकतो की राजेरजवाड्यांच्या तुमच्या नाटकांशी आमचे काही देणेघेणे नाही. बेणीमाधव भाजी विकणाऱ्या मैनेला उचलून आणतो, तिला नटी घडवतो आणि नाट्यगृह मिळावे म्हणून तिलाच धनिकाच्या हवाली करतो. तरुण लेखक तितुमीरच्या बंडावर नाटक लिहून देतो, ते करण्याचे धैर्य बेणीमाधवला होत नाही. शेवटी, इंग्रज अधिकारी समोर बसलेला असताना, दुसऱ्याच नाटकाच्या मध्यात त्याच्या तोंडून तितुमीरची भाषणे बाहेर पडतात.

दत्त यांनी बेणीमाधव स्वतः केला. हे नाटक पाहताना प्रेक्षक हसत हसत आत जातात. नटांची भांडणे, पाठांतराचे घोटाळे, मालकाचे लबाड डावपेच, सारेच विनोदी. 'तीर'नंतरचा सगळा कडवटपणा, तडजोडींची लाज आणि तरीही नाटकावरची माया या एका पात्रात उतरली. प्रचारकी लेखक हा त्यांच्यावरचा शिक्का अनेक नाटकांना लागू पडतो. 'टिनेर तलोयार'ला तो लागू पडत नाही.

सत्तरच्या दशकात त्यांची लेखणी थांबत नव्हती. १९३३च्या जर्मनीची पार्श्वभूमी घेऊन १९७२मध्ये 'बॅरिकेड' आले, तेव्हा ते कोणत्या बंगालबद्दल आहे हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. 'दुःस्वप्नेर नगरी'च्या प्रयोगावर गुंडांनी हल्ला केला. आणीबाणीत त्यांनी पुन्हा मॅकबेथ काढले. खुनी राजावरचे शेक्सपिअरचे नाटक बंद पाडणे कोणत्याही सरकारला अवघडच होते. याच बरोबर ते 'जात्रा'कडे वळले. उघड्यावर, चहूबाजूंनी बसलेल्या हजारो खेडुतांसमोर रात्रभर चालणारा हा लोकनाट्यप्रकार, आपल्या दशावताराशी आणि तमाशाशी नाते सांगणारा. शहरी नाटककारांनी तो गावंढळ म्हणून दूर ठेवला होता. दत्त यांनी १९६८च्या 'रायफल'पासून त्यासाठी सातत्याने लिहिले. रायफल, जालियनवाला बाग, संन्याशांचे बंड हे विषय त्यांनी जात्रेत आणले आणि मोठा आवाज, ठसठशीत अभिनय, उघड खलनायक ही तिची रीत जशीच्या तशी ठेवली.

या पार्श्वभूमीवर 'गोलमाल'कडे पुन्हा पाहिले, तर भवानीशंकर परका वाटत नाही. तोही मालकच. नोकराची मिशी, त्याचे सदरे, त्याची करमणूक, सगळ्यांवर आपला हक्क आहे, असे मानणारा. अमोल पालेकर यांचा रामप्रसाद नोकरी टिकवण्यासाठी खोटा जुळा भाऊ आणि नंतर खोटी आईही उभी करतो. मालकाच्या तत्त्वांपायी गरिबाला खोटे बोलावे लागते, हा या गोंधळाचा धागा. दत्त यांनी भवानीशंकरला दुष्ट केले नाही, त्याला मनापासून प्रामाणिक केले आणि म्हणूनच तो अधिक हसू आणतो. डोळे विस्फारणे, घशातून काढलेला तो लांबलचक हुंकार, रागाच्या भरात घसरणारा आवाज या साऱ्यांमागे केंडल यांच्या कंपनीतली तालीम आणि जात्रेची मुक्त शैली होती. 'गोलमाल', 'नरम गरम' आणि 'रंग बिरंगी' या तिन्ही चित्रपटांसाठी त्यांना विनोदी भूमिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'रंग बिरंगी'तील त्यांचा पोलीस अधिकारी तर धुरंधर भाटवडेकर या मराठी नावाचा होता. बासू चटर्जी यांच्या 'शौकीन'मध्ये अशोक कुमार आणि ए. के. हंगल यांच्यासह त्यांनी उतारवयातील रंगेलपणाची फजिती रंगवली.

सत्यजित राय यांनी या गुणांचा वेगळा उपयोग केला. 'जय बाबा फेलुनाथ'मधील मगनलाल मेघराज हा तस्कर पाहुण्यांचे आतिथ्य इतक्या गोडीने करतो की अंगावर काटा यावा. १९८०च्या 'हीरक राजार देशे'मधील राजा यमकात बोलतो, पाठशाळा बंद करतो, पुस्तके जाळतो आणि प्रजेचे मेंदू धुण्याचे यंत्र बसवतो. मुलांसाठीच्या या संगीत चित्रपटात आणीबाणीचे पडसाद अनेकांनी ऐकले. शेवटी राजालाच त्या यंत्रात कोंबले जाते आणि बाहेर येऊन तो आपलाच पुतळा पाडायच्या दोराला हात लावतो. दत्त यांनी हा हुकूमशहा बालिश खुशीने केला आणि मुलांना तो आवडला.

अधूनमधून त्यांनी चित्रपट दिग्दर्शितही केले, पण त्यांत ते रंगभूमीवरची उंची गाठू शकले नाहीत. लेखन मात्र अखंड चालले. शेक्सपिअरच्या सामाजिक जाणिवेवरील त्यांचा बंगाली ग्रंथ आणि १९८२मधील 'टुवर्ड्स अ रिव्होल्यूशनरी थिएटर' हे इंग्रजी पुस्तक आजही नाट्याभ्यासकांच्या वाचनात असते. १९९०मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना रत्नसदस्यत्व दिले.

राय यांचा अखेरचा चित्रपट 'आगंतुक' १९९१चा. पस्तीस वर्षांनी परतलेला मामा खरा की तोतया, या संशयात एक सुशिक्षित कुटुंब अडकते. मनोमोहन मित्र या मामाच्या भूमिकेत दत्त यांनी आपली सर्व ठेवणीतली हत्यारे म्यान केली होती. हुंकार नाही, विस्फारलेले डोळे नाहीत. आदिवासींमध्ये राहून आलेला हा माणूस दिवाणखान्यात बसून सुसंस्कृतपणाच्या कल्पनांची शांतपणे उलटतपासणी घेतो. या वेळी सत्ता दुसऱ्यांच्या हाती होती आणि दत्त जाब देणाऱ्याच्या खुर्चीत होते.

राय एप्रिल १९९२मध्ये गेले. १९ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, कोलकात्यात हृदयविकाराच्या झटक्याने उत्पल दत्त यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात मंडळीचा कारभार शोभा सेन यांनी पाहिला.